मूळ प्रत नसलेला धडा

“अर्थाकडे लक्ष गेलं की बोटं चुकतात,” मावशी एकदा म्हणाली होती.

ऑफिसच्या टंकलेखन विभागात नव्याने लागलेल्या एका मुलीला ती हे सांगत होती. मी घराची किल्ली घ्यायला गेले होते, म्हणून माझ्या कानावर पडलं. त्या मुलीकडे एका अर्जाची स्वच्छ नक्कल करायचं काम आलं होतं. कुणाच्या तरी अंगावर भिंत पडली होती, त्याच्या बायकोने लिहिलेला अर्ज होता, आणि मुलगी टाईप करायचं सोडून तो वाचत बसली होती. मावशीने तिच्या पुढ्यातला कागद उचलला, आपल्या डाव्या बाजूच्या स्टँडला लावला, आणि भिंत, नवरा, बायको, पोरं सगळं एका दमात उतरवून काढलं. पान पालथं करून गठ्ठ्यावर ठेवलं. भिंत कुणावर पडली, असं मी निघताना विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

यात तिला कमीपणा वाटत नसे. तिचा सगळा मान यातच होता. ऑफिसात तिला ‘मशीनबाई’ म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि ती ओ देत असे. गोपनीय कागद तिच्याकडेच यायचे. आंधळ्याच्या हाती दिवा द्यावा तसे ते तिच्या हाती दिले जात: उजेड पोचेल, बघणार कुणी नाही. ती टाईप करताना चेहरा इतका रिकामा व्हायचा की बघणाऱ्याने नजर वळवावी. डोळे कागदावर, ओठ मिटलेले, आणि खाली कुठेतरी बोटं आपली आपण धावत असायची. टाईपरायटर जाऊन संगणक आले तेव्हा विभागातल्या बाकीच्या बायका रडकुंडीला आल्या होत्या. मावशीने एवढंच विचारलं, “ओळ संपत आली की घंटी कुठे वाजते?” वाजत नाही म्हटल्यावर “बरं” म्हणाली आणि कामाला लागली.

काका, म्हणजे तिचा नवरा, पाहुण्यांपुढे एक गोष्ट हमखास सांगायचे. “लग्नाआधी मी हिला पत्र पाठवलं होतं. हिने त्याची कार्बन कॉपी काढून मला परत पाठवली.” पाहुणे हसायचे. मावशीही हसायची, पण जरा उशिरा, सगळे हसतायत हे पाहून.

टंकलेखन विभाग बंद होणार ही बातमी तिला सगळ्यांच्या मागाहून कळली, आणि त्याचं परिपत्रक तिनेच टाईप केलं होतं.

दुपारी जावककारकून चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आला. बाहेर जाणाऱ्या टपालावर नंबर घालून ते पाकिटांत भरायचं, हे त्याचं काम. हल्ली टपाल कुणी पाठवत नसल्याने तोही दिवसभर पाकिटं हाताने सरळ करत बसायचा. स्वभावाने बोलका, टायपिंगमध्ये दोन बोटांचा धनी.

“बाई, मानलं तुम्हाला,” तो म्हणाला. “स्वतःची तिरडी स्वतः बांधायची आणि वर गाठीही पक्क्या मारायच्या.”

“काय बोलताय?”

“अहो, सकाळचं परिपत्रक. खाली तुमचीच अक्षरं आहेत की.”

त्याने कागद पुढे केला. टंकलेखकाच्या नावाची आद्याक्षरं खालच्या कोपऱ्यात घालायची पद्धत होती, ती तिथे होती. मावशीने तो कागद त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. यापुढे अधिकारी आपापली पत्रं स्वतः टाईप करतील. टंकलेखन आणि जावक हे दोन्ही विभाग बंद. या विभागांतल्या माणसांनी ऑनलाइन वर्गातून कोडिंग शिकावं, ऑफिस त्याची सोय करेल. शेवटी परीक्षा. पास होतील ते नव्या संगणक कक्षात बसतील, उरलेले जिथे गरज असेल तिथे.

“जिथे गरज म्हणजे?” मावशीने विचारलं.

“म्हणजे खालची टोकनची खिडकी. दुसरीकडे कुठे जागा आहे? बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर, माणूस आत. फार तर एक बोट लागतं. तेही कुठलंही चालतं.”

मावशीने कागद त्याला परत दिला. “समास सरळ आलाय,” म्हणाली. पण त्या दुपारी तिने दुसरं काही टाईप केलं नाही, असं तो मला पुढे सांगत होता.

मग तिच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीचा जुना लॅपटॉप आला. लेक लग्न होऊन त्याच शहरात राहत होती आणि एका कंपनीत कोडिंगचंच काम करत होती. “लॅपटॉप तेवढा देते, बाकी त्या धड्यांत सगळं असतं,” ती म्हणाली. संध्याकाळी भांडी आवरली की मावशी तिथे बसायची. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात एक दाढीवाला मास्तर यायचा. कुठल्या खोलीत बसला होता देव जाणे, त्याच्यामागे एक कुंडी होती आणि तिच्यातलं झाड बहुधा प्लास्टिकचं होतं. तो भराभर बोलायचा, दर दोन वाक्यांनी “सोप्पं आहे” म्हणायचा, आणि बोलता बोलता काहीतरी टाईप करायचा. मावशी त्याला तिथेच थांबवायची. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, असा तो गोठून जायचा. मग त्याने लिहिलेलं सगळं ती उजव्या बाजूला उतरवायची. टिंबं, कंस, आकडे, ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा, सगळं जसंच्या तसं. बटण दाबलं की हिरवी खूण. मास्तर पुन्हा जिवंत व्हायचा.

कोडिंग म्हणजे नेमकं काय असतं, असं मी तिला त्या दिवसांत विचारलं.

“टायपिंगच,” ती म्हणाली. “ओळी लहान असतात एवढंच.”

काका दिवाणखान्यातून ओरडून म्हणाले, “अजून एक भाषा शिकतेय. घरातली आहे ती महिन्यातून दोनदा वापरते.”

ती सगळ्यांच्या पुढे गेली. ऑफिसात नोटीस बोर्डावर साहेबांनी कुणाचे किती धडे झाले याचा तक्ता लावायला सुरुवात केली होती. त्यात तिची हिरवी पट्टी कडेला टेकली तेव्हा बाकीच्यांच्या पट्ट्या अर्ध्यावर धापा टाकत होत्या. साहेब म्हणाले, “बघा, याला म्हणतात जिद्द. नाहीतर तुम्ही लोक.” आणि त्यांनी जावककारकुनाकडे पाहिलं, कारण त्याची पट्टी दिसण्याइतकीही नव्हती.

जावककारकुनाच्या नाकी नऊ आले होते. त्याच्या पडद्यावर सारखं लाल यायचं. लाल म्हणजे यंत्र म्हणतंय की चुकलं. धड्याखाली शंका विचारायची जागा होती, तिथे तो शंका लिहायचा, आणि कुठलातरी अनोळखी पोरगा उत्तर द्यायचा, ‘काका, आधी धडा नीट बघा.’ हे तो स्वतःच सगळ्यांना हसत सांगायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की मावशीशेजारी खुर्ची ओढून बसायचा.

“बाई, हा कंस इथे कशाला?”

“त्याने दिलाय म्हणून.”

“तो देईल हो. पण कशाला?”

“मूळ प्रतीत आहे ना? मग घालायचा.”

“काढून बघू?”

“हात नका लावू,” मावशी म्हणाली. तिने त्याच्या हातावर खरोखरच चापट मारली. पण त्याने तोवर कंस पुसला होता. पडदा लाल झाला.

“बघा,” तो खूश होऊन म्हणाला, “रुसला. आता परत घालतो. बघा, हसला. म्हणजे हा कंस त्याची दाराची कडी आहे. कडी नसेल तर तो म्हणतो, मी आत काय ठेवू?”

“उद्योग नाही तुम्हाला,” मावशी म्हणाली. तिला ते लाल बघवत नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या पानावर कुणी तांबड्या शाईची रेघ मारली नव्हती. हा माणूस दिवसभर लाल करून घ्यायचा आणि वर हसायचा. कोडगेपणा आहे झालं, असं ती घरी म्हणाली. नाचता येईना, आणि हे अंगण खणतायत.

शेवटचा धडा संपल्यावर मास्तरने टाळ्या वाजवल्या आणि पडद्यावर तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. काकांनी ते छापून आणलं, फ्रिजवर चिकटवलं. त्या रविवारी लेक जेवायला आली. मीही होते, ओट्याशी मटार सोलत बसले होते. लेकीने प्रमाणपत्र पाहिलं, आईच्या गळ्यात हात टाकला, आणि म्हणाली, “चल, दाखव काय येतं ते.”

मावशीने लॅपटॉप उघडला. डाव्या बाजूला मास्तर आला.

“याला घालव,” लेक म्हणाली. तिने ती बाजू बंद केली. सगळा पडदा पांढरा झाला. “आता मला एकापासून दहापर्यंतचे आकडे दाखवणारं काहीतरी लिही. पहिल्या धड्यातलंच आहे.”

मावशीने हात की-बोर्डवर ठेवले. मनगटं उचललेली, बोटं आपापल्या घरी, पाठ ताठ. टायपिंगच्या परीक्षेला बसावं तशी ती बसली होती. बोटं हलली नाहीत. तिने मान डावीकडे वळवली. तिथे मिठाची बरणी होती.

“मूळ प्रत कुठे आहे?” तिने विचारलं.

“मूळ प्रत नसते, आई. ती तुझ्या डोक्यात असायला पाहिजे.”

“माझ्या डोक्यात काय असणार? दूध तापत ठेवलंय की नाही, एवढंच.”

मी हसले. लेक हसली नाही.

“मग हे सगळे धडे केलेस कसे?”

“टाईप केले.”

“अगं पण तो काय सांगत होता ते ऐकलंस का?”

“ऐकू कधी? तो बोलत होता तेव्हा मी त्याला थांबवलेलं असायचं.”

लेकीने कपाळाला हात लावला. मग समजवायला घेतलं. एक डबा आहे असं समज, डब्यात एक आकडा आहे, असं काहीतरी. आधी हळू, मग मोठ्याने. मावशी मान डोलवत होती. तिची मान डोलली की समजावं, तिला काहीही कळलेलं नाही. ऑफिसात साहेब बोलत असतानाही ती अशीच डोलायची. थोड्या वेळाने लेकीचा आवाज चढला.

“मी कंपनीत नव्या पोरांना शिकवते हे. त्यांना एका दुपारीत येतं.”

“पोरांना काय,” मावशी म्हणाली, “त्यांना अजून दुसरं काही येत नसतं.”

हे वाक्य मला तेव्हा विनोद वाटलं होतं.

लेकीने घड्याळ पाहिलं. तिला पोराला कुठल्याशा शिकवणीहून आणायचं होतं. ती म्हणाली, “हे बघ, अशा परीक्षांत ठरलेलंच विचारतात. मी थोडे प्रोग्राम लिहून ठेवते. तू ते पाठ कर. त्यातलं येईल ते लिही, आकडे नावं बदलायची ती बदल.” आणि ती खाली मान घालून भराभर टाईप करू लागली. मावशी तिच्या बोटांकडे पाहत होती. लेकीला टायपिंग तिनेच शिकवलं होतं. “अनामिका वाकडी पडतेय तुझी,” ती म्हणाली. लेक टाईप करत राहिली.

लेक गेल्यावर मावशीचा चेहरा उजळला. आता तिच्या हाती मजकूर होता. परीक्षेपर्यंत ती रोज पहाटे उठून ते प्रोग्राम टाईप करायची, पुन्हा पुन्हा, शेवटी डाव्या बाजूला काही नसलं तरी बोटं चालू लागली. तिने मला बोलावून ते दाखवलं. डोळे मिटून दाखवलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. “झालं की नाही डोक्यात?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परीक्षेचं मला जावककारकुनाने सांगितलं. तो रस्त्यात भेटला तेव्हा आधी इकडचंतिकडचं बोलत राहिला, मग एकदम सांगायला लागला, आणि सांगताना एकदाही हसला नाही.

परीक्षा टंकलेखन विभागातच होती. मधली कपाटं हलवून टेबलांच्या रांगा लावल्या होत्या. धडे तयार करणाऱ्या संस्थेचा एक तरुण परीक्षक आला होता, आणि साहेब स्वतः हजर होते. प्रत्येकाला एक छापील कागद दिला. प्रश्न असा होता: एका विभागातल्या माणसांची नावं दिली आहेत, त्यातले काही रजेवर आहेत. रजेवर असलेल्यांना वगळून उरलेल्यांची नावं दाखवणारा प्रोग्राम लिहा.

कागद मिळताक्षणी मावशीचा की-बोर्ड वाजायला लागला. सगळी खोली बघायला लागली. “मला वाटलं, बाई आता संपवूनच उठणार,” जावककारकून म्हणाला. “इकडे मला प्रश्न वाचूनच घाम फुटलेला.” पण मग तो आवाज थांबला. त्याने तिरक्या नजरेने पाहिलं. मावशीने डाव्या हाताला ठेवलेला तो कागद होता तसा टाईप केला होता. प्रश्न, सूचना, खालची तळटीप, परीक्षकाचं नाव. एकही चूक नाही. तिने बटण दाबलं आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला.

“बाई त्या लाल पडद्याकडे बघतच बसल्या होत्या हो,” तो म्हणाला. “मी हळूच म्हटलं, बाई, पुसा ते. तेव्हा भानावर आल्या.”

तिने पुसलं. मग डोळे मिटले आणि पुन्हा टाईप करायला लागली. या वेळी हिरवं आलं. पडद्यावर नावं आली, ओळीने सगळी. ती प्रश्नातली नव्हती. लेकीने उदाहरणादाखल घातलेली होती, घरातली: काकांचं, नातवाचं, माझंही. रजेवर कुणीच नव्हतं, सगळे हजर होते.

परीक्षक रांगेतून बघत बघत येत होता. जावककारकुनाचा प्रोग्राम त्याने चालवला. तो एका माणसाला वगळायचा आणि दुसऱ्याला विसरायचा. परीक्षकाने विचारलं, हा का राहिला? जावककारकुनाने डोकं खाजवलं, दोन ओळी वरखाली केल्या, पुन्हा लाल केलं, पुन्हा काढलं, आणि म्हणाला, “कळलं. याच्या दाराला कडी लावायची राहिली.” परीक्षक हसला आणि त्याने कागदावर बरोबरची खूण केली.

मग तो मावशीच्या पडद्यापुढे उभा राहिला. वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठी पडली.

“मॅडम, हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“हे धड्यांतलं नाही. रोज हेच काम करणाऱ्या माणसाने लिहिलंय हे.” त्याने बोट ठेवलं. यंत्राने वाचायच्या नसलेल्या, लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टाकलेल्या टिपा प्रोग्रामात असतात, तशी एक ओळ मध्ये होती. ती त्याने मोठ्याने वाचली. “‘हा भाग आईला नंतर समजावणे.’ मॅडम, ही आई कोण?”

मागून कुणीतरी खुसखुसलं. ती ओळ मावशीने रोज पहाटे टाईप केली होती. अर्थासकट ती तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

“म्हणजे ते सगळे धडेही कुणी दुसऱ्यानेच करून दिले असणार,” परीक्षक साहेबांकडे वळून म्हणाला. “आमच्याकडे असे प्रकार फार होतात. मुलं करून देतात.”

“नाही हो, साहेब,” जावककारकून उठून उभा राहिला. “बाई तसल्या नाहीत. मी शेजारी बसायचो. अक्षर न् अक्षर बाईंनी स्वतः टाईप केलंय.”

“टाईप केलं असेल,” परीक्षक म्हणाला.

जावककारकून खाली बसला. “मी तोंड उघडायला नको होतं,” तो मला म्हणाला. “माझ्या बोलण्याने जास्तच झालं.”

साहेब अवघडले. मशीनबाईंनी त्यांच्या किती फायली, किती अहवाल, किती रागाने लिहिलेली आणि दुसऱ्या दिवशी फाडलेली पत्रं मुकाट्याने टाईप केली होती. त्यांनी आवाज मऊ केला. “जाऊ द्या बाई, मनावर घेऊ नका. प्रत्येकाचं एकेक काम असतं. टोकनची खिडकी काही वाईट नाही. पंखा आहे. डोक्याला ताप नाही. खरं तर तुमच्यासारखीच व्यक्ती तिथे पाहिजे.” आणि त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. निकालाआधीच तयार करून ठेवलेला बदलीचा आदेश होता तो. टंकलेखन विभागाकडे आला नव्हता. साहेबांनी स्वतः टाईप केला होता. ओळी वरखाली, समास वाकडा.

मावशीने तो टेबलावर ठेवला. डाव्या बाजूला नव्हे, समोर. आणि ती वाचू लागली. शाळेतलं मूल वाचतं तशी, शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत. एका वाक्यापाशी ती थांबली, मागे गेली, ते पुन्हा वाचलं. वाचून संपायला फार वेळ लागला. परीक्षकाने दोनदा घड्याळ बघितलं.

“खाली सही करा बाई,” साहेब म्हणाले. “मिळाल्याची.”

मावशीने चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी पर्समध्ये. खुर्ची आत सरकवली. जावककारकून तिच्यासाठी वाट करायला उठला, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. सही केली नाही. टेबलांच्या रांगेतून ती दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली.